खुंटी, गवसणी आणि गिटार

गिटार भिंतीला टांगून ठेवावी की पिशवीत घालून कपाटावर, हा प्रश्न आमच्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावात पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी विचारला नसता. आता विचारतात. पुण्या-नागपूरला शिकणारी मुलं सुट्टीत येताना पाठीवर गिटार घेऊन येतात, कुणी मोबाइलवर बघून घरीच शिकतं, आणि त्या लांबोड्या वस्तूला जागा कुठे द्यायची हे शेवटी घरातल्या बाईलाच ठरवावं लागतं. पलंगाखाली ठेवली तर झाडू लागतो, कपाटावर ठेवली तर चार दिवसांत तिच्यावर गोधड्या चढतात, कोपऱ्यात उभी केली तर कुणाचा तरी पाय लागून आडवी होते. मग कुणीतरी म्हणतं, भिंतीला टांगा. लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, टांगून टांगून मान वाकते.

दोघांचंही ऐकून घेतलं आणि मग जरा मागे जाऊन बघितलं. प्रश्न गिटारमुळे पडला असला तरी नवा नाही. तारेचं वाद्य घरात कसं सांभाळायचं हे आपल्या माणसांनी फार पूर्वी ठरवलं होतं. त्यांच्या भिंती वेगळ्या होत्या, एवढंच.

खुंटी हा शब्दच घ्या. भिंतीतली ती खुंटी, आणि तंबोऱ्याची तार जिच्याभोवती गुंडाळतात तीही खुंटीच. एकीवर वाद्य लटकतं, दुसरीवर तार ताणली जाते. बोलण्यात मात्र आपण खुंटीची बदनामी करून ठेवली आहे. लाज खुंटीला टांगतात, अभ्यास खुंटीला टांगतात, म्हणजे सोडून देतात. जुन्या घरातला व्यवहार नेमका उलटा होता. वर्षातून एकदा लागणारी वस्तू माळ्यावर जायची नाहीतर पेटाऱ्यात. खुंटीवर जायचं ते रोज लागणारं: पागोटं, उपरणं, छत्री, कंदील, दुधाची चरवी. उंदराच्या आणि रांगत्या पोराच्या हाती लागू नये, आणि आपल्या हाताला मात्र न शोधता मिळावं, अशी ती जागा.

आमच्या भागातली जुनी घरं धाब्याची. पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर लाकडी कड्या आणि त्यावर मातीचं धाबं. अशा भिंतीत खुंटी मागाहून ठोकत नसत. भिंत उठत असतानाच सागाची किंवा बाभळीची खुंटी आत आडवी घालून तिच्यावर माती चढवत. बाहेर वीतभर दिसे, आत त्याहून जास्त असे, आणि टोक किंचित वर उचललेलं, म्हणजे अडकवलेलं घसरत नाही. नवीन सून घरात आली की कोणती खुंटी कुणाची हे तिला आधी कळे. घर पडलं, माती खाली आली, तरी खुंट्या शाबूत निघाल्याचं जुनी माणसं सांगतात.

वाद्य खुंटीवर ठेवण्याची चाल आपल्यापुरतीच नाही. होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याच्या आठव्या सर्गात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक येतो. राजवाड्यात मेजवानी आहे. सेवक त्याला हाताला धरून आणतो, खांबाला टेकून आसन मांडतो, त्याची तंतुवाद्याची लायर त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवतो, आणि मग त्याचा हात धरून त्याला दाखवतो की ती कुठे आहे. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातली ही बारीकशी गोष्ट मला फार आवडते. नुसती टांगली असती तर ती त्या माणसासाठी असून नसल्यासारखीच होती. हात तिथवर न्यायला शिकवलं, तेव्हा ती त्याची झाली.

आपल्याकडे खुंटीच्या जोडीला आणखी एक शब्द होता, गवसणी. 'आकाशाला गवसणी घालणे' हे आपण शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं, पण गवसणी म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. गवसणी म्हणजे वाद्याला घालायची कापडी खोळ. तंबोरा, सतार, वीणा वाजवून झाली की गवसणीत जायची आणि गवसणीसकट खुंटीवर. तंबोऱ्याची दांडी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्याच रुंदीची असते, वर अडकवायला डोकं नसतं, म्हणून खोळीची नाडी किंवा दोरीचा फास लागे. खोळ सुती, बहुतेक जुन्या लुगड्याची नाहीतर खणाची, आणि आतून मऊ. म्हणजे वाद्याचं अंथरूण-पांघरूण घरच्या बायकांच्या हातचं. संगीताच्या इतिहासात हे कुणी लिहीत नाही.

गावोगावच्या सप्ताहात वारकऱ्यांची वीणा ज्यांनी बघितली आहे त्यांना यातला आदर वेगळा सांगायला नको. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा कुणा ना कुणाच्या गळ्यात असते, ती खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की ती उभ्या उभ्या दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या वाटेवरच्या खेड्यांतून तर हे दरवर्षीचं दृश्य. सप्ताह संपला की वीणा देवळातल्या खुंटीवर. जमिनीवर नाही, कपाटात नाही. पाय लागू नये हा भाव त्यात आहेच, पण त्या पातळ भोपळ्याला जमिनीची ओल आणि ठेच दोन्ही सोसत नाहीत, हे शहाणपणही आहे.

भोपळ्याची गोष्ट आली की मिरजेला जावंच लागतं. आपल्या मोताळ्याहून मिरज फार लांब, पण महाराष्ट्रातल्या देवळांत आणि गाण्याच्या वर्गांत जे तंबोरे आहेत त्यातले कितीतरी तिथले. मिरजेचे वाद्य बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे कारागीर. पटवर्धनांच्या संस्थानात त्यांना काम होतं. इंग्रजी अंमल आला, हत्यारांचा धंदा बसला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले. पुढे त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं आणि गल्लीचंही नाव तेच. एका पिढीने भिंतीवरची तलवार घडवली, पुढच्या पिढ्यांनी तिच्या शेजारी लटकणारा तंबोरा. अहिंसेच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. ही मात्र कुणी उपदेश न करता, पोटापाण्यासाठी घडलेली.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ साली ते गेले. स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात ते वाकबगार होते, आणि तिथल्या कारागिरांशी त्यांचं चांगलं जमायचं. मोठा गवई आणि सुतारकाम करणारा कारागीर एकाच बाकावर बसून घोडीला कानस मारताहेत, हे चित्र मनात आणून बघा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

वाद्याचा हा भोपळा भाजीचा नव्हे. कडू भोपळा, भीमेच्या काठी पंढरपूर, बेगमपूर या सोलापूर जिल्ह्यातल्या भागात पिकवतात. तो वेलीवर पूर्ण पिकू देतात, वाळवतात, आणि मग तो लाकडासारखा टणक होतो. कडू असल्यामुळे किडा लवकर लागत नाही. टणक असला तरी शेवटी तो फळाचं कवच. ठोसा बसला की चिरतो, आणि चिरलेला भोपळा सांधला तरी आवाजात फरक राहतोच, असं गाणारे सांगतात. दिंडीत ज्या वीणा पंढरपूरला चालत जातात त्यातल्या कित्येकींचा भोपळा तिथल्याच मातीतला असतो, म्हणजे त्यांचं ते माहेरच.

तर हे झालं आपलं घर. गिटार आली परघरातून. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर तारेची युरोपी वाद्यं आली आणि तिथल्या घरांत रुजली. मुंबईला धोबी तलावच्या आसपास राहणाऱ्या गोवेकर वादकांनी ती सिनेमाच्या वाद्यवृंदात आणली. आज आपण जिला साधी गिटार म्हणतो तिचा घाट मात्र स्पेनच्या आल्मेरिया गावच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने पक्का केला, तेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच. म्हणजे मिरजेत फरीदसाहेब भोपळ्याला दांडी जोडत होते साधारण त्याच वेळी स्पेनमध्ये तोरेस पातळ फळ्यांची पेटी चिकटवत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण दोघांसमोरचं कोडं एकच: आवाज हवा तर लाकूड पातळ हवं, आणि पातळ केलं तर ते टिकायला हवं. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका आमच्या मागच्या पिढीतल्या पुष्कळांनी रेडिओवर ऐकली असेल. गिटार परकी राहिली नाही ती तेव्हापासून.

एक गोष्ट आपल्या घरांत नक्की विचारली जाते, म्हणून सांगून टाकते. जुन्या गिटारच्या तारा मेंढ्याच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात ते आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागलं, तारा मिळेनाशा झाल्या, आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनची तार केली. आज बाजारात मिळते ती गिटार नायलॉनच्या किंवा पोलादी तारेची. तार जिच्यावरून जाते ती वरची पट्टी महाग गिटारमध्ये कधी हाडाची असते. विकत घेताना विचारावं. स्वस्तात प्लास्टिकचीच येते, आणि आपल्याला ते बरंच.

आता मान वाकते का, त्याबद्दल. पोलादी तारेची साधी गिटार वजनाला दोन किलोच्या आसपास. टांगली की तेवढंच वजन मानेवर खाली ओढतं. तिच्या सहा तारा मिळून मानेवर जो ताण देतात तो मात्र सत्तर किलोच्या घरातला, आणि तो रात्रंदिवस असतो, वाजवा नाहीतर पिशवीत ठेवा. सत्तर किलो सोसण्यासाठी घडवलेल्या मानेला दोन किलो काही जड नाहीत. नायलॉनच्या तारांचा ताण जवळपास निम्मा, पण हिशेब तोच. म्हणजे टांगल्याने मान वाकते हे खरं नाही. कोपऱ्यात तिरकी टेकवून ठेवणं, उन्हात ठेवणं, घसरून पडणं, यांनी जास्त नुकसान होतं. आणि गिटारला एक सोय तंबोऱ्यापेक्षा जास्त आहे: मान संपून डोकं सुरू होतं तिथे ती एकदम रुंद होते. दोन बोटांसारखा आकडा त्या रुंदीखाली गेला की झालं. काही आकड्यांना वजन पडताच पुढून मिटणारी कडी असते. घरात लहान मुलं असतील तर तोच घ्यावा, कारण मूल खालून ढकलतं आणि साध्या आकड्यातून गिटार वर उचलली जाऊन निसटते.

मानेची काळजी मिटली, तरी भिंतीची उरते. धाब्याच्या घरात खुंटी भिंतीबरोबर जन्माला यायची. सिमेंटच्या घरात भिंत आधी आणि खुंटी मागाहून. मधल्या काळात वायरमन भिंतीत चौकोनी भोक पाडून त्यात लाकडाची गिट्टी ठोकत आणि तिच्यात स्क्रू पिळत. विलायतेतही तेच चाले. १९१० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची जोडणी बसवायची होती, आणि जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराने बारीक गोल भोकात बसणारी नळी काढली. स्क्रू आत गेला की ती फुगून भिंतीला घट्ट धरते. त्याच्या नावावरून तिला रावल प्लग म्हणू लागले. दुकानात आपण आजही तेच नाव घेतो, कुणाचं ते न जाणता. ही पहिली नळी तागाची होती आणि ताग चिकटवलेला होता जनावराच्या रक्ताने. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पुढे धातूच्या आणि इतर प्रकारच्या आल्या, आणि १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशरने नायलॉनची काढली. आज दुकानात पुडीत मिळते ती बहुतेक तिचीच भावंडं. आमच्याकडचे मिस्त्री तिलाही गिट्टीच म्हणतात. लाकूड गेलं, नाव राहिलं.

ही गिट्टी विटेत बसायला हवी. प्लास्टरचा थर अर्धा-पाऊण इंच, त्यात बसलेली गिट्टी महिनाभर छान धरते आणि एक दिवस प्लास्टरचा पापुद्रा घेऊन खाली येते. भोक पाडताना लाल भुकटी निघाली तर वीट, नुसती करडी निघत राहिली तर दोन विटांमधला सांधा किंवा काँक्रीट. सांधा असेल तर दोन बोटं सरकून दुसरं भोक. स्क्रू दोन इंचांचे, एका आकड्याला निदान दोन. साडेचार इंची भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघराचा नळ किंवा विजेची नळी जात नाही ना, हे आधी बघून घ्यावं. आधाराशिवाय अधांतरी राहायला गिटार म्हणजे काही आमच्या शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ नव्हेत. दोन किलोचं ओझं खरं तर काहीच नाही, पण ती काढताना-ठेवताना जो हिसका बसतो तो रोज बसतो, आणि गिट्टी सैल होते ती हिसक्याने.

आमच्या मोताळ्याची आणखी एक तऱ्हा. जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि पाया नीट नसेल तर घराच्या भिंतींनाही. दरवर्षी दाराच्या कोपऱ्यापासून वर चढणारी तिरकी चीर आपल्यापैकी कुणी बघितली नाही? अशा चिरेपासून हातभर लांबच आकडा बसवावा, आणि पाऊस संपला की एकदा हाताने हलवून पाहावा. मातीच्या भिंतीला हे कळत होतं, कारण ती सारवली जायची, दरवर्षी कुणाचा तरी हात तिच्यावरून फिरायचा. रंगवलेल्या भिंतीकडे आपण पाच वर्षं बघतही नाही.

आणि हवा. मला विचाराल तर खरा धोका भिंतीपेक्षा हवेचा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझी पुतणी पुण्याहून गिटार घेऊन घरी आली. शिकवण्या घेऊन, सहा महिने पैसे साठवून घेतलेली गिटार. तिची फळी अखंड लाकडाची, म्हणून आवाज मोकळा. पुण्याला ती वर्षभर भिंतीवर होती आणि ठणठणीत होती. इथे तिच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी टक् असा आवाज झाला. घोडीपासून खालपर्यंत केसासारखी चीर गेली होती. पोरगी रडली नाही, नुसती चिरेवरून बोट फिरवत बसली. तिच्या आईने विचारलं, पडली का? पडली नव्हती. आकडा जिथल्या तिथे होता.

झालं होतं ते असं. बुलढाणा घाटावर आहे, राजूर घाट उतरून खाली आलं की मोताळ्याला उन्हाचा भट्टा वेगळाच. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडच्या हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास उरतो. गिटार करणारे सांगतात की हवेत ४५ ते ५५ टक्के ओलावा असावा. लाकूड कोरडं पडलं की आकसतं, पण गिटारची फळी चहूबाजूंनी चिकटवलेली, तिला आकसायला जागा नाही, मग ती फाटते. त्यात पश्चिमेची भिंत दुपारपासून तापलेली. आणि समोर कूलर. संध्याकाळी कूलर लावला की ओला वारा थेट फळीवर, सकाळी बंद केला की पुन्हा कोरडं. पूर्वी दाराला वाळ्याच्या ताट्या लावून पाणी शिंपडत, त्याने घरभर सावकाश गारवा पसरे. कूलरचा झोत तसा नाही. रोज आंघोळ घालून रोज उन्हात वाळवावं, तसं त्या लाकडाचं झालं. ज्या गिटारीची फळी प्लायवूडची असते ती हे बरंच सोसते. स्वस्त गिटार आमच्याकडे जास्त टिकते याचं कारण तेच. पुढे पुण्याला एका कारागिराने आतून लाकडाचे बारीक ठोकळे लावून चीर सांधली. वाजते. चीर दिसते.

तेव्हा मला 'वसुदेवहिंडी' आठवली. संघदास गणींचा हा ग्रंथ साधारण पाचव्या शतकातला, आणि आपल्या मराठीची आजी जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातला. त्यात चंपानगरीच्या गंधर्वदत्तेची कथा आहे. वीणावादनात तिला जिंकेल त्यालाच ती वरणार. वसुदेव सभेत येतो, त्याला एकामागून एक वीणा देतात आणि तो त्या परत करत जातो. एकीच्या तारेत केस आहे. दुसरीचं लाकूड वणव्यात होरपळलेलं. तिसरीचं पाण्यात बुडून राहिलेलं. वाजवून दाखवण्याआधीच त्याची परीक्षा झाली म्हणा ना! लहानपणी ही कथा ऐकताना मला तो तोरा वाटायचा. आता वाटतं, कथा सांगणाऱ्याने वाद्यं जवळून हाताळली असावीत. आग आणि पाणी, लाकडाचे दोन्ही वैरी त्याने अचूक धरले. आमच्या त्या खोलीत दोन्ही होते, एक भिंतीत आणि एक खिडकीत.

टांगलेल्या गिटारचं आणखी एक बघावं लागतं, आणि आपल्या घरांत ते आवर्जून बघायला हवं. तिच्या पोटात भोक असतं. महिनाभर कुणी हात लावला नाही की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो, डोक्यामागे पाल अंडी घालते. मग एके दिवशी कुणीतरी तारा छेडतं आणि आत नको ती हिंसा होते. साधू-साध्वींना वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, पुंजून घ्यायची समिती सांगितली आहे, आदान-निक्षेपण. आपण गृहस्थ तेवढं पाळत नाही, पण गिटार खाली घेताना आधी आत डोकावून मऊ कापड फिरवायला अर्धा मिनिट लागतो. रोज वाजवणाऱ्याला तेही करावं लागत नाही, कारण रोज हलणाऱ्या वस्तूत जीव घर करत नाहीत. किंवा गवसणी शिवा. जुन्या सुती साडीत होते, वरून आकड्यापुरतं तोंड उघडं ठेवायचं. गिटारचा रंग जुन्या पद्धतीच्या लॅकरचा असेल तर आकड्याचं रबर त्याला चिकटून डाग पाडतं. तिथेही सुती पट्टी गुंडाळली की काम भागतं.

पुतणीची गिटार आता माजघराच्या आतल्या भिंतीवर असते. जिना तिच्या मागे, त्यामुळे त्या भिंतीला ना ऊन लागतं ना पाऊस, आणि फोडणीचा धूर तिथवर येत नाही. आकडा तिच्या खांद्याच्या उंचीला आहे, हात सहज जातो, आणि गिटारचं बूड जमिनीपासून बरंच वर राहतं, म्हणजे झाडू आणि बादली दोन्ही खालून जातात. वर्षाचं वेळापत्रकही ठरून गेलं आहे. होळी झाली की ती उतरते आणि जाड पिशवीत जाते. पिशवीत एक भोकं पाडलेली साबणाची डबी, तिच्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, तो चार दिवसांनी पुन्हा ओला करायचा. पाऊस लागला की डबी काढून टाकायची, पण गिटार पिशवीतच. चातुर्मास संपून साधूंचा विहार सुरू होतो तेव्हा तीही बाहेर पडते. काही शे रुपयांना मिळणारं ओलावा मोजायचं छोटं यंत्र तिच्या शेजारी लावलं आहे. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून आकडा वाचतात आणि पुतणीला फोनवर कळवतात. काल एक्कावन्न होता.